तिसरी पिन : प्लग-सॉकेटच्या मॉड्यूलर रचनेचा अभ्यास

या स्मरणिकेत विद्यालयाच्या वाटचालीच्या नोंदींबरोबर एखादा अभ्यासलेखही असावा, अशी संपादक मंडळाची इच्छा होती. त्यानुसार विज्ञान विभागाच्या वतीने आम्ही जो विषय निवडला, तो आहे प्लग आणि सॉकेट. वरवर पाहता हा विषय फारच लहान वाटेल. परंतु आपल्या घरात विजेशी माणसाच्या हाताचा सर्वांत निकटचा संबंध येतो तो याच ठिकाणी. तारा भिंतीत असतात, मीटर दाराबाहेर असतो, रोहित्र गावाच्या वेशीवर असते. प्लग मात्र लहान मुलापासून वृद्धांपर्यंत प्रत्येकाच्या हाती येतो. म्हणून त्याची रचना कशी आहे, ती तशीच का आहे आणि तिच्यात आपण मनाने फेरफार केला तर काय घडते, हे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव या सर्वांनी एकदा समजून घ्यावे, असा या लेखाचा हेतू आहे.

मॉड्यूलर रचना म्हणजे काय?

'मॉड्यूलर' हा शब्द आज इलेक्ट्रिकच्या दुकानात सर्रास ऐकू येतो. मॉड्यूलर बटणे, मॉड्यूलर प्लेट असे आपण म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ असा की, एखादी मोठी व्यवस्था स्वतंत्र घटकांत विभागायची आणि ते घटक एकमेकांना जेथे जोडले जातात, त्या सांध्याचे माप व नियम आधीच पक्के ठरवायचे. एकदा सांधा ठरला की त्याच्या दोन्ही बाजूंचे घटक स्वतंत्रपणे बदलता येतात.

आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. एकाच ट्रॅक्टरला तो आज नांगर जोडतो, उद्या रोटाव्हेटर आणि परवा पेरणी यंत्र. नांगर बनविणाऱ्याला ट्रॅक्टरचे इंजिन कसे चालते हे ठाऊक असण्याची गरज नसते आणि ट्रॅक्टर बनविणाऱ्याला शेतकरी पुढे कोणते अवजार घेणार हे माहीत नसते. मागील तीन सांध्यांची मापे ठरलेली आहेत, एवढ्यावरच सारा व्यवहार चालतो.

प्लग आणि सॉकेट यांचे अगदी असेच आहे. एका बाजूला वीजनिर्मिती केंद्रे, वाहिन्या, रोहित्रे आणि घरातील वायरिंग. दुसऱ्या बाजूला मिक्सर, इस्त्री, संगणक, पंखा. या दोन प्रचंड व्यवस्था जेथे भेटतात तो सांधा म्हणजे तीन पिना आणि तीन छिद्रे. हा सांधा कायम राहिला म्हणूनच दोन्ही बाजूंना एवढे बदल होऊ शकले.

होल्डरपासून सॉकेटपर्यंत

विजेचा घरगुती वापर सुरू झाला तो दिव्यांसाठी. त्यामुळे आरंभी घरात सॉकेट नव्हतेच, फक्त दिव्याचे होल्डर होते. पंखा किंवा इस्त्री अशी उपकरणे आली, तेव्हा त्यांनाही दिव्याच्या होल्डरातूनच वीज घ्यावी लागे. अमेरिकेतील हार्वे हबेल या उद्योजकाने १९०४ मध्ये यावर एक सोपा उपाय काढून त्याचे पेटंट मिळविले. त्याने जोडणीचे दोन भाग केले. एक भाग होल्डरमध्ये फिरवून कायमचा बसवायचा आणि दुसरा भाग उपकरणाच्या तारेला जोडायचा. हा दुसरा भाग सहज आत घालता व बाहेर काढता येत असे. आजच्या प्लग-सॉकेटच्या पूर्वजांपैकी हा एक महत्त्वाचा टप्पा होय.

हा इतिहास परदेशातील असला तरी आपल्या वस्त्यांवरील अनेक कुटुंबांनी तो प्रत्यक्ष अनुभवला आहे. १९८८-८९ पासून राबविण्यात आलेल्या कुटीर ज्योती योजनेत दारिद्र्यरेषेखालील घरांना एका दिव्याची जोडणी देण्यात येत असे. घरात प्रथमच दिवा लागला, हे त्या योजनेचे मोठे काम होते. परंतु जोडणी एका दिव्यापुरती होती, सॉकेट नव्हते. पुढे घरात रेडिओ आला, टेबल फॅन आला, दूरदर्शन संच आला. तेव्हा दिव्याच्या होल्डरमध्ये बसणारा दोन छिद्रांचा जोड घेऊन त्यातूनच सर्व काही चालविले गेले. या जोडाला फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वाटा असतात. अर्थिंगची तिसरी वाट त्यात असूच शकत नाही, कारण दिव्याच्या होल्डरला ती दिलेलीच नसते.

येथे एक सामाजिक वास्तव लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांच्या घरी वीज उशिरा आणि अपुरी पोहोचली, त्यांच्या वाट्याला दोन पिनांची सवय आली. ऊसतोडीच्या हंगामात कोपीवर राहणाऱ्या कुटुंबांना आजही पुष्कळदा एका होल्डरवर भागवावे लागते. ती सवय पक्क्या घरात आल्यानंतरही टिकून राहते आणि तिसरी पिन ही 'असली तरी चालते, नसली तरी चालते' अशी वस्तू ठरते. आमच्या मते हाच या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे.

पिनांच्या मापांमागील विचार

भारतातील घरगुती प्लग व सॉकेटसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. १२९३ हे मानक आहे. २५० व्होल्टपर्यंतचा दाब आणि १६ अँपियरपर्यंतचा प्रवाह ही त्याची मर्यादा. गोल पिनांची ही पद्धत मूळची ब्रिटिश. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या बी.एस. ५४६ या मानकापासून ती आपल्याकडे आली. गंमत अशी की, दुसऱ्या महायुद्धानंतर तांब्याच्या टंचाईत घरांची पुनर्बांधणी करताना ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांची आणि प्लगमध्येच फ्यूज असलेली नवी पद्धत स्वीकारली. आपण मात्र गोल पिनांवर कायम राहिलो.

आपल्याकडे घरात दोन आकार आढळतात : ६ अँपियरचा लहान आणि १६ अँपियरचा मोठा. जुने वायरमन यांनाच पाच आणि पंधरा अँपियरचे म्हणतात व प्लगला 'टॉप' म्हणतात. लहान प्लगच्या फेज व न्यूट्रल पिनांची जाडी सुमारे ५ मि.मी. असते आणि त्यांच्या मध्यांतील अंतर सुमारे १९ मि.मी. मोठ्या प्लगच्या या पिना सुमारे ७ मि.मी. जाड असून त्यांतील अंतर सुमारे २५ मि.मी. असते. त्यामुळे गीझरचा मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसतच नाही. कोणताही फलक न लावता, कोणालाही न शिकविता, नुसत्या आकाराने सांगितलेली ही सूचना आहे : 'हा भार या तारेला झेपणार नाही.'

सर्वांत विचारपूर्वक घडविलेली आहे ती वरची तिसरी पिन, म्हणजे अर्थिंगची पिन. लहान प्लगमध्ये इतर दोन पिना सुमारे १५ मि.मी. लांब असतात, तर ही सुमारे २० मि.मी.पेक्षा थोडी अधिक लांब आणि जाडही असते. या लांबी-जाडीमागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण क्रमाचे. प्लग आत घालताना लांब पिन सर्वप्रथम टेकते आणि बाहेर काढताना सर्वांत शेवटी सुटते. म्हणजे उपकरणात वीज शिरण्यापूर्वीच त्याचे धातूचे आवरण जमिनीशी जोडलेले असते आणि वीज पूर्ण तुटेपर्यंत ते तसेच राहते. दुसरे कारण दिशेचे. जाड पिन इतर छिद्रांत शिरत नाही, त्यामुळे प्लग उलटा बसविता येत नाही. सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यास वर अर्थिंग, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल ही मांडणी कायम राहते. तिसरे कारण झडपेचे. शटर असलेल्या सॉकेटमध्ये खालच्या दोन्ही छिद्रांवर झडप असते आणि अर्थिंगची पिन आत गेल्यावरच ती बाजूला सरकते. लहान मुलाने खिळा किंवा पेन्सिलीचे शिसे खालच्या छिद्रात घालण्याचा प्रयत्न केला, तरी झडप त्याला अडविते.

अर्थिंगचे कार्यही थोडक्यात पाहू. इस्त्रीच्या आतील फेजची तार खरवडली जाऊन तिच्या धातूच्या भागाला टेकली, तर अर्थिंग नसताना इस्त्री पूर्वीप्रमाणेच चालते. पण तिला स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीकडे जातो. अर्थिंग असेल तर प्रवाहाला कमी विरोधाची वाट मिळते, मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो किंवा एम.सी.बी. पडते. दोष स्वतःहून उघड होतो. तिसरी पिन रोजच्या कामात काहीच करीत नाही, म्हणून ती अनावश्यक वाटते. तिचे काम केवळ एका क्षणाचे असते, आणि तो क्षण कधी येईल हे कोणालाच ठाऊक नसते.

सांधा साऱ्या देशाचा

पिनांची मापे जुळली तरी दोन्ही बाजूंचा वीजदाब जुळला नाही, तर उपयोग नाही. स्वातंत्र्यपूर्व काळात वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या कंपन्या वीजपुरवठा करीत. त्यांचे दाब निराळे असत आणि काही ठिकाणी तर प्रवाह डी.सी. असे. एका शहरातील उपकरण दुसऱ्या शहरात चालेलच, याची खात्री नव्हती.

या क्षेत्राला राष्ट्रीय नियोजनाची दिशा देणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्थान महत्त्वाचे आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विद्युतशक्ती हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम व विद्युतशक्ती यांविषयीच्या धोरण समितीपुढे भाषण करताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची गरज मांडली आणि तिचा संबंध उद्योगीकरणाशी व दारिद्र्यातून मुक्तीशी जोडला. देशपातळीवर विजेच्या विकासाचे तांत्रिक नियोजन करण्यासाठी १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले, ते त्यांच्याच कार्यकाळात. बाबासाहेबांच्या जलनीतीची चर्चा आपल्याकडे होते. विद्युत धोरणातील त्यांचे काम मात्र अद्याप पुरेसे परिचित नाही. आज आपण २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ ही एकच व्यवस्था गृहीत धरतो. विजेकडे खेड्या-शहरांच्या सुट्या सोयी म्हणून न पाहता संपूर्ण देशाची व्यवस्था म्हणून पाहण्याच्या त्या काळातील विचाराचे हे फळ आहे.

आपल्या जिल्ह्यात याचे एक ठळक उदाहरण घडले आहे. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या साहाय्याने देशात सुरुवातीला ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक म्हणजे श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. सुमारे चार दशके तिने उत्तर भागातील गावांना वीज पुरविली. २०११ मध्ये तिच्या कार्यक्षेत्रातील वितरण महावितरणकडे गेले. वीज देणारी संस्था बदलली, बिलावरील नाव बदलले; परंतु त्या दिवशी एकाही घरातील प्लग किंवा सॉकेट बदलावा लागला नाही. सांधा पक्का असला की पलीकडची सारी व्यवस्था बदलली, तरी अलीकडच्या माणसाचे काम अडत नाही. मॉड्यूलर रचनेचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

भिंतीवरील बोर्ड : लाकडापासून मॉड्यूलपर्यंत

आमच्या पिढीने पाहिलेला बोर्ड सागवानी पट्टीचा किंवा सनमायका लावलेला असे. त्यावर बेकेलाइटची बटणे व सॉकेट स्क्रूने आवळलेली असत. एक सॉकेट खराब झाले की सारा बोर्ड उघडावा लागे आणि नवीन वस्तूचे माप निराळे असेल, तर लाकूड कापावे लागे.

मॉड्यूलर पद्धतीत भिंतीत प्रथम डबा बसवितात, त्यावर चौकट येते, चौकटीत एकेक घटक खटकन बसतो आणि वरून झाकणाची प्लेट लागते. एका मॉड्यूलचे माप साधारणपणे २२.५ मि.मी. रुंद आणि ४५ मि.मी. उंच असते. बटण एका मॉड्यूलचे, सहा अँपियरचे सॉकेट बहुधा दोन मॉड्यूलचे, असा हिशेब करून तीन, सहा, आठ, बारा मॉड्यूलची प्लेट निवडता येते. एखादे सॉकेट सैल झाले की तेवढेच काढून नवीन बसवायचे. बाकीच्या तारांना हात लावावा लागत नाही. दुरुस्ती स्वस्त झाली की ती वेळेवर होते आणि वेळेवर झालेली दुरुस्ती हीच खरी सुरक्षितता होय.

तथापि ग्राहकाने एक भेद ध्यानात ठेवावा. प्लगची पिन आणि सॉकेटचे छिद्र यांचा सांधा देशाच्या मानकाने ठरविलेला आहे. कोणत्याही कंपनीचा प्लग कोणत्याही कंपनीच्या सॉकेटमध्ये बसतो. याउलट सॉकेटचा घटक आणि चौकट यांचा सांधा बहुधा ज्या त्या कंपनीचा स्वतःचा असतो. त्यामुळे एका कंपनीच्या चौकटीत दुसऱ्या कंपनीचे सॉकेट बसेलच असे नाही. पहिला सांधा सार्वजनिक रस्त्यासारखा खुला आहे; दुसरा खासगी आवाराच्या फाटकासारखा. घर बांधताना अशाच मालिकेतील प्लेट निवडावी, जिचे सुटे घटक आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेत दहा वर्षांनीही मिळण्याची शक्यता आहे. दिसायला सुंदर पण पुढे सुटे भाग न मिळणारी वस्तू नावापुरतीच मॉड्यूलर असते.

संगणक कक्ष आणि कारखाना

हेच तत्त्व विद्यालयाच्या संगणक कक्षातही पाहता येते. संगणक आणि मॉनिटर यांच्या मागे लागणारी वायर एकाच प्रकारची असते. एकीची दुसरीला चालते. आंतरराष्ट्रीय मानकात या वायरीच्या टोकाला सी-१३ म्हणतात. तिचीच एक बहीण आहे सी-१५. गरम होणाऱ्या उपकरणांसाठी ती वापरतात आणि तिच्या तोंडाला एक खाच असते. खाचेची वायर संगणकाला लागते; परंतु संगणकाची वायर गरम उपकरणाला लागत नाही, कारण तेथे खाचेत बसणारा उंचवटा आडवा येतो. सी-१३ ची मर्यादा ७० अंश सेल्सिअस, तर सी-१५ ची १२० अंश. अधिक सोसणारी वस्तू कमी सोसणाऱ्याच्या जागी चालते, उलट चालत नाही. आणि हा निर्णय माणसाच्या स्मरणशक्तीवर न सोपविता आकारावर सोपविला आहे.

अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना याचे मोठे रूप परिचित असेल. लार्सन अँड टुब्रो कंपनीने येथे विद्युत स्विचगियरचा कारखाना उभारला. २०२० मध्ये कंपनीचा हा व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. मोठ्या कारखान्यांच्या पॅनेलमध्ये 'ड्रॉ-आउट' पद्धतीचे ब्रेकर असतात. कपाटाच्या खणासारखा संपूर्ण ब्रेकर बाहेर ओढता येतो. त्याच्या मागील संपर्क पॅनेलच्या संपर्कांत शिरतात, म्हणजे तत्त्वतः तो एक प्रचंड प्लगच असतो. त्याच्या तीन स्थिती असतात : पूर्ण जोडलेला, केवळ चाचणीसाठी जोडलेला आणि पूर्ण विलग. चालू स्थितीतील ब्रेकर बाहेर ओढता येऊ नये, यासाठी यांत्रिक अडसर असतो. साखर कारखान्यात गळीत हंगाम ऐन भरात असताना एक ब्रेकर बिघडला, तर तो ओढून तयार ठेवलेला दुसरा बसविता येतो. दुरुस्ती नंतर, निवांतपणे करता येते.

तसेच कारखान्यांतील रंगीत औद्योगिक प्लग पाहावेत. निळा रंग २३० व्होल्टच्या आसपासच्या दाबाचा, लाल रंग ४०० व्होल्टच्या आसपासचा. अर्थिंगच्या पिनेची जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दाबानुसार बदलते, त्यामुळे एका दाबाचा प्लग दुसऱ्या दाबाच्या सॉकेटमध्ये शिरत नाही. घरातील तीन पिना आणि कारखान्यातील हे प्लग यांच्यामागील बुद्धी एकच आहे.

करार मोडतो कोठे?

प्लग-सॉकेट हा एक करार आहे, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. सॉकेट सांगते, 'मी एवढा प्रवाह देईन आणि संरक्षणाची वाट उघडी ठेवीन.' उपकरण सांगते, 'मी एवढाच प्रवाह घेईन.' आपल्या घरांत हा करार साधारणपणे चार प्रकारे मोडला जातो.

पहिला प्रकार तिसरी पिन काढून टाकण्याचा. सॉकेट दोन छिद्रांचे आहे म्हणून पिन कापणे, झडप पेनाने उघडून दोन पिनांचा प्लग कोंबणे, किंवा प्लगच न लावता उघड्या तारा काडीने छिद्रात खोचणे, हे सर्व याच प्रकारात येते. दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणांना, उदाहरणार्थ मोबाइलच्या चार्जरला, दोन पिना पुरतात. त्यांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. धातूचे आवरण असलेल्या आणि ही खूण नसलेल्या उपकरणाला तीन पिना हव्यातच.

दुसरा प्रकार मर्यादा ओलांडण्याचा. ६ अँपियरच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला सुमारे १३८० वॅट होते आणि १६ अँपियरची ३६८० वॅट. पाणी तापविण्याचा १५०० वॅटचा हीटर साडेसहा अँपियर प्रवाह घेतो. म्हणजे लहान सॉकेटवर तो चालविणे मर्यादेबाहेरचे आहे. एकाच सॉकेटवर मल्टी-प्लग लावून इस्त्री, मिक्सर आणि हीटर जोडले, तर छिद्रे तीन झाली तरी मागची तार एकच राहते. दोन्ही मापांचे प्लग घेणारे संयुक्त सॉकेट सोयीचे आहे. पण त्यामागे १६ अँपियरची एम.सी.बी. असेल, तर लहान उपकरणाची बारीक वायर त्या एम.सी.बी.च्या भरवशावर सोडता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

तिसरा प्रकार सैल संपर्काचा. सॉकेटच्या आतील पितळी पट्ट्या पिनेला घट्ट धरून ठेवतात. त्या सैल झाल्या की संपर्काचा विरोध वाढतो. उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाला विरोधाने गुणून मिळते. विरोध केवळ ०.१ ओहम धरला, तरी १० अँपियर प्रवाहाला तेथे १० वॅट उष्णता निर्माण होते. एखाद्या छोट्या एल.ई.डी. दिव्याएवढी ही शक्ती एका पिनेच्या टोकाशी कोंडली जाते. प्लास्टिक पिवळे पडणे, काळा डाग येणे, जळका वास येणे ही याची लक्षणे होत. दूरदर्शन संचावर वर्षानुवर्षे चाललेले सैल सॉकेट गीझर लावताच का जळते, याचे उत्तर या वर्गाच्या नियमात आहे.

चौथा प्रकार अर्थिंग नावापुरती असण्याचा. प्लगला तिसरी पिन आहे, सॉकेटला तिसरे छिद्र आहे, पण त्यामागे तार नाही किंवा तार असून जमिनीतील अर्थिंग कोरडी पडली आहे. आपला जिल्हा अवर्षणप्रवण. उन्हाळ्यात माती कोरडी झाली की तिचा विरोध वाढतो. कोळसा-मीठ घातलेल्या जुन्या पद्धतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची वडीलधाऱ्यांची पद्धत शास्त्राला धरूनच आहे.

हे चारही दोष एकत्र पाहावयाचे असतील, तर गोठ्यातील कडबाकुट्टी यंत्राकडे पाहावे. दुधाच्या धंद्यामुळे आपल्याकडे ही यंत्रे गावोगावी आहेत. दोन अश्वशक्तीची एकफेज मोटर पूर्ण भारावर दहा अँपियरच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रवाह घेते आणि सुरू होताना कित्येक पट अधिक. यंत्र संपूर्ण लोखंडी, जमीन ओली, पाय अनवाणी आणि शेजारी दावणीला जनावरे. अशा ठिकाणी दोन पिनांवर किंवा खोचलेल्या तारांवर यंत्र चालविणे म्हणजे माणसाचा आणि जनावरांचा जीव नशिबावर सोडणे होय. येथे १६ अँपियरचा तीन पिनांचा प्लग, त्यामागे चालू अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरची आर.सी.सी.बी. हवीच. फेजच्या तारेतून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, तर ही आर.सी.सी.बी. तत्काळ वीज तोडते.

घरी करावयाची तपासणी

पुढील गोष्टी प्रत्येक कुटुंबाला पाहता येतील. बोर्ड उघडण्याचे काम मात्र परवानाधारक वायरमनवरच सोपवावे.

१. घरातील प्रत्येक धातूच्या उपकरणाचा प्लग तीन पिनांचा आहे का, आणि त्याची वरची पिन शाबूत आहे का, हे पाहावे.

२. गीझर, पाण्याचा हीटर, वातानुकूलन यंत्र आणि कडबाकुट्टी ही उपकरणे १६ अँपियरच्या स्वतंत्र सॉकेटवर आहेत का, ते तपासावे.

३. उपकरण काही वेळ चालवून बंद करावे, बटण बंद करून प्लग काढावा आणि त्याचा प्लास्टिकचा भाग हाताला गरम लागतो का, ते पाहावे. गरम लागल्यास सॉकेट बदलावे.

४. प्लग किंवा सॉकेट घेताना आय.एस.आय. चिन्ह, आय.एस. १२९३ हा क्रमांक आणि परवाना क्रमांक पाहून घ्यावा.

५. प्लग काढताना वायर धरून ओढू नये. प्लग धरून काढावा. ओढण्याने सर्वप्रथम बहुधा आतील तारांचे स्क्रू सैल होतात.

६. वायरमनकडून अर्थिंगची मोजणी वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, करून घ्यावी. आर.सी.सी.बी. असल्यास तिचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

७. घरात अद्याप वीजजोडणी नसेल किंवा जोडणी एका दिव्यापुरतीच असेल, तर ती रीतसर करून घ्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांसाठी महावितरणने २०२१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना आणली. तीत ५०० रुपयांची अनामत रक्कम पाच हप्त्यांत भरण्याची सोय होती. अशा जोडणीच्या वेळी वायरिंगचा चाचणी अहवाल मागितला जातो, तो केवळ कागद समजू नये. अर्थिंग आहे की नाही, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. चालू योजनांची माहिती जवळच्या महावितरण कार्यालयात मिळते.

समारोप

आपल्या विद्यालयातील अनेक मुले पुढे आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांना जातात. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, तारा जोडण्याचे कौशल्य महत्त्वाचे आहेच. परंतु ग्राहकाने 'तिसरी तार राहू द्या, खर्च वाढतो' असे म्हटल्यावर त्याला समजावून सांगण्याचे धैर्य त्याहून महत्त्वाचे आहे. कारण दोन तारांनी दिवा लागतो, पंखा फिरतो, काम झाल्यासारखे दिसते. राहिलेल्या तारेची किंमत पुढे कधीतरी दुसरेच कोणी मोजते आणि पुष्कळदा ते घरातील लहान मूल किंवा धुणे-भांडी करणारी आई असते.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे या व्यवसायात स्थिरावले आहेत, त्यांना एक विनंती करून हा लेख पूर्ण करतो. वर्षातून एक सुटीचा दिवस आपण आपल्या वस्तीसाठी द्यावा. टेस्टर, पकड आणि थोडे सुटे प्लग घेऊन दहा घरांतील सॉकेट तपासावेत, कापलेल्या पिनांचे प्लग बदलून द्यावेत आणि ज्या घरी अर्थिंग नाही तेथे ती का हवी, हे घरातील मुलांसमोर समजावून सांगावे. मोठी माणसे विसरतील, मुले विसरणार नाहीत. विद्यालयाच्या प्रयोगशाळेत उघडून दाखविता येतील असे जुने प्लग, सॉकेट आणि मॉड्यूलर घटक ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ते विज्ञान विभागाकडे अवश्य द्यावेत. आमच्या सातवी-आठवीच्या मुला-मुलींना ते हातात घेऊन, खोलून आणि पुन्हा जोडून पाहता येतील, आणि तिसरी पिन लांब का असते या प्रश्नाचे उत्तर त्यांना पाठ करावे लागणार नाही.